शंभरपर्यंत म्हणतो, पण तीन केळी आणत नाही

पत्र:
ताई, नमस्कार. मी रावेर तालुक्यातला केळी उत्पादक आहे. मुलगा येत्या दिवाळीत चार वर्षांचा होईल. माझ्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, त्याच्याकडून शंभरपर्यंत अंक पाठ करून घेतलेत. पाहुणे आले की तो धडाधड म्हणून दाखवतो. पण परवा त्याला म्हटलं, फणीतली तीन केळी आजीला नेऊन दे, तर हातात मावतील तेवढी घेऊन गेला. मी जळगावहून अंकांचं चित्रांचं पुस्तक आणलं. पाचच्या पानावर पाच बदकं आहेत (पानाचा फोटो सोबत पाठवतोय). तो बोट फिरवतो, कधी चार म्हणतो, कधी सात. मोजून झाल्यावर 'मग किती?' विचारलं की परत पहिल्यापासून मोजतो. तिसऱ्यांदा विचारलं की पुस्तक फेकून देतो. बायको म्हणते, राहू द्या. नाना म्हणतात, चित्रांच्या नादी लावून पोर बिघडवू नका. पुढच्या जूनला इंग्रजी शाळेत घालायचा आहे, तिथे पन्नासपर्यंत लिहून घेतात म्हणे. घरात आई अहिराणी बोलते, आम्ही दोघं मराठी आणि मोबाइलवर इंग्रजी गाणी. हा गणितात कच्चा राहणार का? नेमकं कोणतं पुस्तक आणू?

उत्तर:

भाऊ,

पोरगा कच्चा नाही. चार पूर्ण व्हायच्या आतल्या मुलाने 'तीन आण' म्हटल्यावर मूठभर आणावं, हे वयाला धरूनच आहे. आणि तिसऱ्यांदा तेच विचारल्यावर त्याने पुस्तक फेकलं, तर त्यात त्याची चूक मला फारशी दिसत नाही. का, ते सांगते.

नानांनी जे पाठ करून घेतलंय ते वाया गेलेलं नाही. अंकांचा क्रम तोंडात पक्का बसलेला लागतोच. पण 'सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस' हे त्याच्यासाठी सध्या आरतीसारखं आहे: चाल येते, शब्द येतात, अर्थाशी गाठ पडलेली नाही. मोजता यायला त्या क्रमाच्या जोडीला आणखी दोन गोष्टी लागतात. एका वस्तूला एकच अंक द्यायचा, कुठली सोडायची नाही, कुठली दोनदा धरायची नाही. आणि मोजताना शेवटी जो अंक तोंडातून आला, तोच सगळ्यांचा मिळून आकडा, हे उमगायला हवं. रोशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली हे सगळं सुटं करून मांडलं. मोठ्या माणसाला तिन्ही गोष्टी एकच वाटतात, कारण आपण त्या कधी शिकलो ते आपल्याला आठवत नाही. मुलाला त्या एकेक करून येतात, आणि शेवटची सगळ्यात उशिरा येते.

तुमच्या केळ्यांचा प्रसंग वाचताना मला करेन विन या मानसशास्त्रज्ञ बाईंचं काम आठवलं. त्यांनी १९९० च्या सुमारास लहान मुलांसमोर खेळण्यांचा ढीग ठेवला आणि 'एक दे', 'दोन दे', 'तीन दे' असं मागून पाहिलं. आढळलं ते असं: मूल आधी फक्त 'एक' शिकतं. बाकी कुठलाही आकडा सांगा, मूठभर उचलून देतं. कितीतरी महिन्यांनी 'दोन' पक्कं होतं. मग पुन्हा काही महिन्यांनी 'तीन'. या काळात हीच मुलं दहापर्यंत खडाखडा म्हणत असतात. त्यानंतर कधीतरी, साधारण साडेतीन-चारच्या आसपास, कुणी थोडं आधी, कुणी थोडं नंतर, त्यांना एकदम कळतं की मोजून थांबलो तिथला आकडा म्हणजेच 'किती'. एकदा ते कळलं की पाच, सहा, सात वेगवेगळे शिकवावे लागत नाहीत. म्हणजे तुमच्या पोराने हातात मावतील तेवढी केळी नेली, ती आगाऊपणाने नाही. 'तीन' याचा अर्थ त्याच्या लेखी सध्या 'बरीच' एवढाच आहे.

तो नेमका कुठे आहे हे आधी बघून घ्या. संध्याकाळी ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगांची एक वाटी पुढ्यात ठेवा आणि खेळता खेळता म्हणा, 'मला एक शेंग दे.' मग 'दोन दे.' मग 'तीन.' तुम्ही मोजून दाखवू नका, तो देईल ते खाऊन टाका आणि पुढचं मागा. नाना, आजी, आत्या असे सगळे गोळा होऊन बघत असतील तर हे करूच नका. माझा अंदाज असा की त्याला दोन पक्कं येत असेल आणि तीनवर घसरत असेल. तसं असेल तर तुमचा पुढच्या दोन-तीन महिन्यांचा अभ्यासक्रम 'तीन' हा आहे. शंभर नाही, पन्नास नाही, पाचसुद्धा नाही.

आता पुस्तकाकडे येते. तुम्ही पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. बदकं पाच आहेत खरी, पण त्यातली दोन एकमेकांवर चढलेली, एक अर्धं गवतात. पाण्यात तीन कमळं. वर फुलपाखरू. आणि कोपऱ्यात जो पाचचा अंक छापलाय, त्याला चित्रकाराने दोन डोळे आणि पिवळी चोच काढली आहे! पोराने सात म्हटलं ते कुठून आलं याची मला फार शंका नाही. त्याने फुलपाखरू धरलं असेल, नाहीतर चोचवाला पाच सहावं बदक म्हणून मोजला असेल. अशा पानावर मोठा माणूससुद्धा आधी ठरवतो की 'मी बदकं मोजतोय', आणि मग बाकीचं डोळ्याआड करतो. चार वर्षांच्या मुलाकडून तेवढी अपेक्षा करायची नसते.

बाजारात अंकांची पुस्तकं म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं असंच असतं. एका पानावर एक अंक, शेजारी कुठून तरी आणलेली चित्रं, खाली मराठी-इंग्रजी नाव. एकला सफरचंद, दोनला फुगे, तीनला मोटारी. पानं उलटायला कारण नाही, कारण पुढे काही घडतच नाही. त्यात कधी चित्रांचा आकडाही चुकलेला असतो. म्हणून दुकानात उभं राहून प्रत्येक पान तुम्ही स्वतः मोजून बघा, लाज वाटायचं कारण नाही. चमकी, दाबलं की वाजणारं बटण, ओढली की हलणारी शेपटी असलं पुस्तक या कामासाठी घेऊ नका. जूडी डिलोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अक्षरांच्या आणि प्राण्यांच्या पुस्तकांवर केलेल्या अभ्यासांत असं दिसलं की ओढाताणीच्या पुस्तकातून मुलं साध्या पुस्तकापेक्षा कमी शिकली. मुलाचं सगळं लक्ष त्या शेपटीत जातं. खेळणं म्हणून द्या, अवश्य द्या, फक्त त्यातून आकडे शिकायची अपेक्षा ठेवू नका.

मग घ्यायचं कसलं? माझी पसंती गोष्टीला. ज्या गोष्टीत पानागणिक एक जण वाढतो किंवा एक जण कमी होतो अशी गोष्ट. झाडावर एक पाखरू होतं, दुसरं आलं, तिसरं आलं, फांदी वाकली. इथे आकडा वाढण्याला काही कारण असतं, आणि 'आता अजून एक आला तर?' हा प्रश्न मूल स्वतःहून विचारतं. चित्रं साधी, वस्तू सुट्या, एका रांगेत असल्या तर आणखी बरं. दहापर्यंत जायलाच हवं असं नाही, पाचपर्यंतची गोष्ट तुमच्या घराला आत्ता जास्त उपयोगाची. ज्योत्स्ना प्रकाशनची, नॅशनल बुक ट्रस्टची मराठी चित्रपुस्तकं चाळून बघा. इंटरनेटवर प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' म्हणून संकेतस्थळ आहे, तिथे मराठीतली भरपूर चित्रपुस्तकं मोफत वाचायला मिळतात आणि उतरवून छापूनही घेता येतात. रावेरला किंवा सावद्याला कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात रंगीत प्रिंट निघते. मोबाइलवरच दाखवू म्हणाल तर माझा नकार आहे, कारण पडद्यावर बोट टेकवलं की पान सरकतं, आणि या वयाला बोट टेकवल्याशिवाय मोजणं नाही.

पण खरं म्हणजे तुम्हाला नवीन पुस्तक लागेलच असं नाही. आहे त्याच पुस्तकावर कसं बसायचं ते बदला.

सध्या तुम्ही मोजायला लावता आणि मग विचारता, 'किती?' त्याला वाटतं, 'किती' म्हणजे 'मोज'. म्हणून तो पुन्हा मोजतो. त्याच्या समजुतीप्रमाणे त्याने बरोबर उत्तर दिलेलं असतं, तरी बाप परत तेच विचारतो. पुस्तक उगाच नाही उडत.

हा क्रम उलटा करा. तीनचं पान उघडा. पाचच्याच पानाचा हट्ट असेल तर उरलेली दोन बदकं तळहाताने झाका. आधी आकडा सांगा: 'बघ, तीन बदकं.' लगेच, मध्ये दुसरं काही न बोलता, एकेकावर बोट टेकवत म्हणा: 'एक, दोन, तीन.' मग तिघांभोवती बोट गोल फिरवून: 'तीन बदकं.' झालं. विचारू नका, वदवून घेऊ नका, पान उलटा. केली मिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये साडेतीन वर्षांच्या मुलांसोबत हे पडताळून पाहिलं. नुसतं मोजून दाखवलेल्या मुलांची फारशी प्रगती झाली नाही, नुसता आकडा सांगितलेल्यांचीही नाही. आकडा सांगून त्याच वस्तू तिथल्या तिथे मोजून दाखवल्या, तेव्हा मुलांना 'शेवटचा अंक म्हणजे किती' हे उमगू लागलं. आपण आया-बाप हे सहसा करत नाही. चार पोळ्या असल्या तर 'चार आहेत' म्हणतो, नाहीतर मोजतो. दोन्ही एकापाठोपाठ करायचं आपल्याला सुचत नाही, कारण आपल्याला त्याची गरज नसते.

बोट सरकतं त्याचंही बघू. या वयात तोंड आणि बोट वेगवेगळ्या चालीने चालतात. 'सहा' म्हणताना 'स' एका बदकावर पडतो आणि 'हा' दुसऱ्यावर, असं मी बालवाडीत कितीदा पाहिलंय. नऊ आणि दहाचंही तेच. त्यावर ओरडून उपयोग नसतो. मूठभर शेंगदाणे घ्या. प्रत्येक बदकावर एक शेंगदाणा ठेवायला सांगा. इथे अंक म्हणायचेच नाहीत, फक्त 'याला मिळाला? याला मिळाला? कुणी उपाशी राहिलं का?' एवढंच. सगळ्यांना मिळाला की मग एकेक शेंगदाणा उचलून वाटीत टाकत अंक म्हणायचे. उचललेलं बदक रिकामं दिसतं, त्यामुळे दोनदा मोजलं जात नाही. शेवटी वाटी त्याच्या पुढे करून 'तीन शेंगदाणे' म्हणा आणि त्याला खाऊ द्या. आपल्याकडे सतत बदकंच तीन असली तर 'तीन' म्हणजे बदकंच, असंही मुलाला वाटू शकतं, म्हणून त्याच संध्याकाळी तीन चपला, तीन वाट्या, गोठ्यातली तीन जनावरं अशी तीनची वेगवेगळी ठिकाणं दाखवत राहा.

आणि मधूनमधून तुम्हीच चुका. 'एक, दोन, चार!' म्हणा. किंवा एका बदकावर दोनदा बोट ठेवा. स्वतः नीट न मोजणारी मुलंसुद्धा दुसऱ्याची चूक पटकन पकडतात, गेलमनबाईंनी बाहुलीला चुकायला लावून हेही करून पाहिलं होतं. बापाला चूक काढून देण्यात जो आनंद आहे तो बरोबर उत्तर देण्यात नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको.

घरचं पुस्तक करायची हौस असेल तर ते मला दुकानातल्यापेक्षा आवडेल. तुमच्याकडे मोबाइल आहे आणि केळीची बाग आहे. एक घड. दोन बैल, नाहीतर दोन शेळ्या, जे असेल ते. तीन भाकरी टोपलीत. पण टोपलीत एकीवर एक नको, परातीत सुट्या मांडून. चार पाट. पाच बोटं, त्याचीच, मेंदी लावलेली असली तर उत्तम. फोटो काढताना मागे काही नको: सारवलेली जमीन, पांढरी चादर, एवढंच. एका फोटोत एकाच जातीच्या वस्तू. फोटो स्टुडिओतून प्रिंट काढा, जाड पुठ्ठ्यावर चिकटवा, बाजूने सुतळी ओवा. अंक एका कोपऱ्यात छोटा आणि साधा, डोळे-चोच न काढता. तीनची तीन-चार पानं करा, बाकीच्यांची एकेक पुरे. आणि शेवटी एक पान रिकामी परात. 'भाकरी किती? एकही नाही.' शून्य शिकवण्याची याहून सोपी जागा मला माहीत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, नाहीतर तुम्ही उद्यापासून घरात तीनच्या वर बोलणंच बंद कराल. मागायचं आणि विचारायचं ते तीनपर्यंत. दाखवायचं मात्र दहापर्यंत, बिनधास्त. शिकागोच्या गंडरसन आणि लेव्हाइन या दोघींनी २०११ मध्ये, घरात आईबाप लहान मुलांशी आकड्यांबद्दल काय बोलतात याच्या नोंदींवरून एक गोष्ट मांडली. डोळ्यांसमोर असलेल्या वस्तू मोजून दाखवणं पुढे उपयोगी पडतं, आणि त्यातही चार ते दहा वस्तूंचं मोजणं जास्त उपयोगी पडतं. नुसती अंकांची उजळणी तसं काम करत नाही. आपल्या घरांत अशी मोजणी पावलोपावली असते, फक्त ती आपण मनातल्या मनात करतो. उन्हाळ्यात बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घातले की खाटेवर रांगा असतातच, एक रांग आजीने मोठ्याने मोजावी. घडाला किती फण्या लागल्या हे तुम्ही रोज बघता, पोराला खांद्यावर घेऊन एकेक फणीला हात लावत मोजा. पोळ्याला बैल सजवताना 'दोन बैल, शिंगं किती?' कानबाईच्या रोटासाठी, म्हणजे देवीच्या नैवेद्यासाठी, माणसं मोजून मुठींनी गहू घेतात, त्या वेळी त्याला जवळ बसवा: हे नानांच्या नावाचे, हे बाबांच्या, हे तुझ्या. वस्तूला वस्तू जोडण्याचा असा धडा कुठल्या पुस्तकात छापलेला मिळणार नाही. कानबाई श्रावणात येते, तोपर्यंत ताटं मांडा. घरात पाच माणसं तर पाच ताटं, ताटागणिक एक वाटी. हे रोज होतं आणि त्यात शिकवल्यासारखं काही वाटत नाही.

नानांचं म्हणाल तर त्यांना बाजूला सारू नका. त्यांना काम द्या. जुन्या माणसांना बोटांच्या पेरांवर मोजायची सवय असते. ते छान आहे, पण पोराला सध्या अख्खी बोटंच पुरेत. तीन म्हटलं की तीन बोटं एकदम वर आली पाहिजेत. हा खेळ नानांकडे सोपवा. आणि चित्रांनी पोर बिघडतं असं ते म्हणाले तर त्यांना चाळीसगावजवळच्या पाटणादेवीची आठवण करून द्या. तिथल्या शिलालेखात १२०७ साली भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ उभारल्याची नोंद आहे. म्हणजे आपल्या खानदेशात गणिताची शाळा आठशे वर्षांपूर्वी होती. आणि भास्कराचार्यांनी ११५० च्या 'लीलावती'त गणितं घातली ती कशाची? फुलांकडे उडालेल्या भुंग्यांची, तळ्यातल्या हंसांची, साप दिसल्यावर झेपावणाऱ्या मोराची. एवढ्या मोठ्या पंडिताला गणित सांगताना डोळ्यांपुढे चित्र उभं करावंसं वाटलं, तर आपल्या पोराला पाच बदकं दाखवली म्हणून काय बिघडलं?

शंभरच्या पाठांतराबद्दल आणखी थोडं. मराठीत अकरापासून नव्व्याण्णवपर्यंत जवळजवळ प्रत्येक आकड्याचं नाव वेगळं पाठ करावं लागतं. मुलांना हे जड जातं म्हणून २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असं वाचन दिलं होतं. त्या वेळी केवढा गदारोळ झाला तो तुम्हालाही आठवत असेल. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांनी शांतपणे बाजू मांडली, तरी लोक ऐकायला तयार नव्हते. मला स्वतःला तो प्रयोग वाईट वाटला नव्हता. असो. सांगायचा मुद्दा हा की ही भानगड दुसरीतली आहे. चौथ्या वर्षी एकोणतीस आणि एकोणचाळीस यांच्यात गल्लत झाली तर कुणी मनाला लावून घेऊ नये.

घरातल्या तीन भाषांची तुम्ही काळजी करताय, ती नको. आजीने अहिराणीतच 'कितला?' विचारावं, तुम्ही मराठीत विचारा. दोन भाषा बोलणाऱ्या मुलांच्या अभ्यासात एक गंमतशीर गोष्ट दिसली आहे. एक, दोन, तीन यांचे अर्थ मूल प्रत्येक भाषेत वेगवेगळे शिकतं, म्हणजे मराठीतलं 'तीन' आलं म्हणून इंग्रजीतलं 'थ्री' आपोआप येत नाही. पण मोजण्याची मूळ युक्ती एका भाषेत सापडली की ती दुसऱ्या भाषेत लगेच वापरता येते. तेव्हा ज्या भाषेत तो दिवसभर भांडतो, रडतो, खायला मागतो, त्या भाषेत आधी पक्कं होऊ द्या. फक्त एकाच बैठकीत 'तीन, थ्री' अशी खिचडी करू नका.

काळजी कधी करायची? पाच पूर्ण झाल्यावरही रोज हाताळतो त्या चार-पाच वस्तू एकेक करून मोजता येत नसतील, किंवा बोलणं, ऐकणं, बघणं यातच काही अडखळत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, आधी कान आणि डोळे तपासून घ्या. आज त्याची गरज मला दिसत नाही.

आता शाळा. केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ ला लहान मुलांच्या वाचन-गणितासाठी निपुण भारत अभियान सुरू केलं, त्यात पहिलीच्या आधीच्या वर्षासाठी, म्हणजे बालवाटिकेसाठी, अंकांचं उद्दिष्ट आहे ते दहापर्यंतचे अंक ओळखणं आणि वाचणं. पन्नासपर्यंत लिहिणं नाही. नव्याण्णवपर्यंतचं लिहिणं-वाचणं पहिलीत येतं. पुढच्या जूनला तुमचा मुलगा साडेचारच्या आसपास असेल, बालवाटिकेलाही अजून वेळ असेल. शाळा बघायला जाल तेव्हा बाईंना एवढंच विचारा की वर्गात मोजायला काय काय आहे: बिया, मणी, ठोकळे, चित्रपुस्तकं. नुसत्या वह्या दाखवल्या तर दुसरी शाळा बघा. दुसरी जवळ नसेल आणि याच शाळेत घालावं लागलं, तर वहीचं प्रकरण घरापर्यंत आणू नका. घरी लिहायला बसवायचंच असेल तर परातीत गहू पसरून बोटाने १, २, ३ गिरवू द्या, पेन्सिलीची घाई नको. पाहुण्यांसमोर शंभर म्हणून दाखवायचं नानांवर सोडा, त्याने काही बिघडत नाही. फक्त त्यानंतर पाहुण्यांना चहासोबत बिस्किटं न्यायला त्याला सांगा, माणशी एक.

तुमची,
ताई